साक्षीला उठले तेव्हा

आमच्या घरात बोलणं कमी आणि डाळ मिलचा आवाज जास्त. लातूरला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि मागच्या भिंतीला लागूनच मिल. सकाळी ती सुरू झाली की मांडणीवरची भांडी थरथरायची, आणि संध्याकाळी बंद पडली की घर एकदम भकास वाटायचं. तुरीच्या टरफलांची धूळ खिडकीतून आत यायची, गाद्यांवर, पाण्याच्या माठावर, पप्पांच्या पेटीवर बसायची. आत्या दिवसातून दोनदा झाडायची आणि दोन्ही वेळा मिलवाल्याच्या नावानं बोटं मोडायची. पप्पा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते, रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवायचे, आणि उरलेला वेळ गप्प असायचे. सकाळी आत्याच्या हातचा सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला तो चटकदार प्रकार, आणि दोन्ही वेळा भाकर आणि तुरीचं वरण. मिलच्या मागं राहून तुरीचं वरण खायचं म्हणजे दुसरं काय असणार! मी कुरकुर केली की आत्या म्हणायची, "खा गुमान. वरणाला नाव ठेवणारी तू कोण मोठी लागून गेलीस?"

मी आठ वर्षांची असताना आई उदगीरला माहेरी लग्नाला म्हणून गेली आणि परत आली नाही. वारली नाही, हे आधीच सांगून टाकते. तिकडंच राहिली, पुष्कळ वर्षं जगली. कामून गेली, काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईचं नाव घरात काढायचं नाही हा नियम कुणी घातला होता ठाऊक नाही, पण तो आम्ही तिघंही पाळायचो. मिलचा आवाज त्याला बरा उपयोगी पडायचा. जेवताना कुणी काही बोललं नाही तरी शांतता अशी कधी जाणवायची नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली तेव्हा आमच्या मंडळीची टीम निघाली होती. दरवर्षी मे महिन्यात तरुण पोरापोरींना घेऊन पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पास्टरांच्या, पत्नी विमलआंटी हदगावकडच्या एका बालगृहात जायच्या. आठवडाभर तिथं सुट्टीतली बायबल शाळा घ्यायची, मुलांना गाणी शिकवायची, नखं कापायची, खेळ घ्यायचे आणि रविवारी मोठी उपासना करून परत यायचं. मला सेवेचा फार उमाळा आला होता अशातला भाग नाही. मला आठ दिवस मिलचा आवाज नको होता. पप्पांनी नुसतं "जा" म्हटलं. आत्यानं मात्र डबाभर शेंगदाण्याची चटणी दिली आणि वर बजावलं, "लोकांच्या लेकरांचं करायला चाललीस, स्वतःची चप्पल तेवढी सांभाळून आण म्हणजे मिळवलं."

एस.टी.नं नांदेड, तिथून दुसरी गाडी. अर्धापूरच्या केळीच्या बागा आल्या तेव्हा खिडकीतून जरा गार वारा आला, तेवढाच. पुढं रखरख. शेतं नांगरून पडलेली, झाडाखाली जनावरं जीभ काढून बसलेली. आमची पोरं नांदेडपर्यंत टाळ्या वाजवत गाणी म्हणत होती, अर्धापूरनंतर कुणाच्यात बोलायचंही त्राण उरलं नाही. बालगृह रस्त्याच्या कडेलाच होतं. पत्र्याची लांब इमारत, पुढं अंगण, एक कडुलिंबाचं झाड आणि लोखंडी फाटक. फाटकाशी मुलं ओळीनं उभी होती आणि आम्ही उतरताच त्यांनी टाळ्या वाजवत स्वागताचं गाणं म्हटलं. चांगलं म्हटलं. इतकं चांगलं की मला जरा कसंतरीच झालं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हावभावाचं नवीन गाणं शिकवायला घेतलं तर माझ्या तोंडून पहिली ओळ निघायच्या आत समोरच्या दोन पोरींचे हात वर गेले. मी विचारलं, "येतंय का तुम्हाला हे?" तर सगळी म्हणाली, "न्हाई ताई." आणि मग तासभर त्यांनी ते गाणं माझ्याकडून शिकून घेतलं. मध्येमध्ये चुकलीसुद्धा, मला बरं वाटावं म्हणून. पाहुण्यांचं मन कसं राखायचं ते या लेकरांना कोण शिकवत असेल, असा विचार माझ्या मनात आला, आणि तेव्हापासूनच मी थकायला लागले असं मला आज वाटतं.

उन्हाचा थकवा वेगळा होता. बोअरचं पाणी गेलं होतं, विहिरीवरून मुलंच घागरी भरून आणायची, आणि आम्ही लातूरची मंडळी मात्र सकाळ-संध्याकाळ आंघोळी करत होतो. हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस गेले. जेवायला मुलांना भाकर आणि अंबाडीची भाजी, आम्हाला पोळी, भात, केळी. टीम आली की रविवारी मुलांना शिरा असायचा. "टीमचा शिरा" असंच त्याला नाव होतं. बालगृह चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. पाय सुजलेले, चष्म्याला दोरा बांधलेला, सतत कशाच्या तरी मागं. त्यांना मी बसलेलं पाहिलं ते फक्त प्रार्थनेत, आणि तिथंही त्यांचा डोळा लागायचा.

तिसऱ्या दिवशी विमलआंटींनी मला बाजूला घेतलं. मी कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवायची, ते त्यांना माहीत होतं. "शीला, रविवारी नांदेडच्या मंडळीतले पाहुणे येणार आहेत. कमलची साक्ष बसवून घे बरं जरा. पोरगी चांगली बोलते, पण तू असलीस की नेटकं होईल." आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कशातून तारलं ते माणसानं उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. मी लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट. दारू सुटलेले काका, ऑपरेशनमधून वाचलेल्या मावशी. ज्याला बोलावंसं वाटेल तो उठायचा, आणि साक्षीला उठलेल्या माणसाला कुणी खाली बसवायचं नाही, पाळकसाहेबांनीसुद्धा नाही. मग ते अर्धा तास बोलोत नाहीतर रडत बसोत. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलीची साक्ष बसवून घ्यायची असते हे मला नवीन होतं.

कमल काळीसावळी, काटक. केस बारीक कापलेले. लिंबाखाली माझ्यासमोर येऊन हात पाठीमागं बांधून उभी राहिली. तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून तिची धाकटी बहीण छबी, पाचेक वर्षांची, नाक वाहतंय. कमलनं तिला म्हटलं, "छबे, फाटकाशी जाऊन बस जा. ट्रक येईल बग." छबी लगेच धावली. ती नीट लांब गेली हे बघून कमल म्हणाली, "आता सांगते." आणि तिनं सांगितलं. ती आईबरोबर ऊसतोडीला गेली होती, तिकडं साताऱ्याच्या अंगाला. बाप आधीच गेलेला. आईला ताप भरला. मुकादम म्हणाला उद्या दवाखान्यात नेऊ. रात्रभर ती कोपीत, म्हणजे त्या पाचटाच्या खोपटात, आईचा हात धरून बसली. सकाळी हात गार लागला म्हणून तिला वाटलं ताप उतरला. मग तिनं चूल पेटवून चहा केला, आणि आईला उठवायला गेली.

इथं ती थांबली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. कमलनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं आणि समजावल्यासारखं म्हणाली, "हितं थांबायचं अस्तंय, ताई. हितं बाया रडतात. त्यांचं रडून झालं की पुढचं बोलायचं, न्हाईतर कुणालाच ऐकू जात न्हाई."

मी काय बसवून घेणार होते, कपाळ! मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, "छान झालंय, पोरी." छान! काय तो शब्द माझ्या तोंडातून निघाला. परवा माझ्या भाचीच्या सुनेनं मला मोबाईलवर असलाच एक व्हिडिओ दाखवला, कुठलीशी मुलगी माईक धरून बोलतेय, मागं संगीत लावलंय. "बघा ना, किती हृदयस्पर्शी आहे," म्हणाली. ती मुलगी एका जागी थांबली तशी मी फोन तिच्या हातात परत दिला आणि चहा टाकायला उठले. तिला वाटलं म्हातारीला रडू आलं.

कमल मात्र गेली नाही, उभीच राहिली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "ताई, मोठ्या बाईंना सांगता का? यावेळेला मला नको म्हणावं." मी विचारलं, कामून गं? तेव्हा तिनं फाटकाकडं मान वळवली. छबी गजांना धरून रस्त्याकडं बघत होती. हंगाम संपला होता आणि ऊसतोडीची माणसं गावोगाव परतत होती. ट्रकात बोचकी, पत्रे, कोंबड्या, लेकरं आणि वर बसलेल्या बायका, डोक्याला फडकी गुंडाळलेल्या. ऊसतोडीच्या वेळी छबी आजीपाशी गावात राहिली होती. आता आजी थकली म्हणून तिला इथं आणून सोडलं होतं. "तिला म्या सांगितलंय, माय ऊस तोडून राहिली. हंगाम सरला की येती. आजीनं बी तेच सांगितलं तिला. आता ती रोज ट्रक बगती. लई बारकी हाय ताई. रविवारी ती म्होरंच बसंल. माझ्याच तोंडून ऐकंल मग."

मी मोठ्या बाईंकडं गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं, मान वर न करता. म्हणाल्या, "खरंय तुझं. पण पाहुण्यांनी मागच्या खेपेलाच कमलचं नाव घेऊन सांगितलंय, तिला ऐकायला माणसं आणतोय म्हणून. भिंती दाखवू का त्यांना, पोपडे निघालेल्या? माणसं आली, त्यांचा जीव कळवळला, तर इथं चूल पेटते. आणि बाळ, छबीला आज ना उद्या कळायचंच आहे. तेवढ्यापुरतं तिला स्वयंपाकघरात बसवू." मी म्हटलं, ती कमलला सोडत नाही, नवीन माणसं दिसली की तिचा फ्रॉक घट्ट धरून बसते. त्या म्हणाल्या, "मग मी तरी काय करू, सांग." आणि त्यांना खरोखरच माझ्याकडून उत्तर हवं होतं. विमलआंटींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "प्रार्थना करू या." मी चिडले. प्रार्थनेवर नाही, त्यांच्यावर. त्यांनी लगेच डोळे मिटले म्हणून.

पुढचे दिवस मी कसे ढकलले मलाच ठाऊक. पाय जड झाले होते, डोकं सदा भणभणत होतं. अंगणात मुली खेळायच्या, मी पायरीवर बसून बघायची. एक दिवस बघते तर एक चिमुरडी पालथ्या घमेल्यावर उभी राहून कमलची साक्ष देत होती. "आन् म्या चहा केला," म्हणून थांबली, आणि समोरच्या चार पोरींनी फ्रॉक डोळ्यांना लावून "हूं हूं हूं" असं रडून दाखवलं. मग खो खो हसल्या. साक्ष-साक्ष हा त्यांचा खेळ होता. कमल जवळच कपडे वाळत घालत होती, तिनंही हसून "आवाज बारीक कर की गं तिथं" म्हणून सांगितलं. छबी अर्थातच फाटकाशी होती. शनिवारी कमल माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "ताई, म्या दुसऱ्या कुणाची सांगू का? मला समद्यांच्या पाठ हायत."

मी म्हटलं, "दुसऱ्याची साक्ष सांगत नसतात, कमल."

"मग तुमची सांगा की तुम्ही."

"माझी काही नाही गं."

"तुमच्या घरी समदे हायत?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती घागर उचलून विहिरीकडं निघाली.

रविवारी जीप भरून पाहुणे आले. पत्र्याच्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या. पंखा होता, वीज नव्हती. मुलं अगदी पुढं, तेल लावून भांग पाडलेली, मागं पाहुणे, बायकांच्या हातात आधीच रुमाल. आतून शिऱ्याचा वास येत होता. गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "आता आपली कमल आपल्याला साक्ष देईल." कमल उठली. तिच्याबरोबर छबीही उठली, फ्रॉकचं टोक मुठीत तसंच. आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अक्का, तू काय सांगणार हायस?" पाहुणे कौतुकानं हसले. कमलनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ समोर भिंतीकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. "आज मला साक्ष द्यायची आहे," मी म्हणाले. विमलआंटींनी माझ्याकडं असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर मटकन खाली बसली असती. पण साक्षीला उठलेल्या माणसाला खाली बसवत नाहीत. आंटींनी कमलला हातानं बसायची खूण केली. ती बसली, छबीला मांडीवर घेतलं.

आणि मग मला काय बोलावं ते सुचेना! बक्षिसं मिळवणारी मी! घसा कोरडा पडला. मी म्हटलं, माझं नाव शीला, मी लातूरची. मी आठ वर्षांची असताना माझी आई उदगीरला लग्नाला गेली. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलत होते आणि मागं मिलचा आवाजसुद्धा नव्हता. मी म्हटलं, त्या सकाळी तिनं माझी वेणी घातली. संध्याकाळी येते म्हणाली. जायच्या आधी तिनं धपाटी केली होती. खूप केली होती. टोपलंभर. आम्ही ती दोन-तीन दिवस खात होतो. इतकं बोलले आणि बोलता बोलताच ते मला दिसलं. इतकी वर्षं माझ्या कसं ध्यानात आलं नव्हतं? संध्याकाळी परत येणारी बाई टोपलंभर धपाटी कशाला करील? मी तेही बोलून दाखवलं, जसं सुचलं तसं. आणि थांबले. मागून हुंदके ऐकू यायला लागले. मी उभी होते, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचं रडून व्हायची मी वाट बघतेय.

पुढचं काय झालं ते इथंच सांगते, म्हणजे विषय संपेल. पाहुण्यांपैकी एका बाईंनी मला छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "बेटा, आमच्या मंडळीत येऊन हे सांग." मी गेले. मग आणखी एका ठिकाणी. मी लातूरला पोचायच्या आधी बातमी पोचली होती, आणि पुढच्याच रविवारी आमच्या पाळकसाहेबांनीही मला उभं केलं. पप्पा पेटीवर होते. मी धपाट्यांपाशी आले तेव्हा त्यांनी पेटीचा भाता हळूच बंद केला. घरी आल्यावर, मिल बंद असताना, ते म्हणाले, "ती धपाटी तिनं केली होती होय? मी समजत होतो तुझ्या आत्यानं केली." आत्या चुलीपुढून उठून गेली. आमच्या घरात आईविषयी झालेलं हे पहिलं बोलणं, आणि फारसं पुढं गेलं नाही. मी मात्र वर्ष-दीड वर्ष बोलावतील तिथं जात राहिले. लोक रडत, हातात फुलं देत. शेवटी शेवटी असं व्हायला लागलं की डोळे मिटले तरी आईचा चेहरा येईना. नुसत्या थांबायच्या जागा आठवायच्या. तेव्हा मी बंद केलं. अजूनही कुणी म्हणतं, शीलाबाई, दोन शब्द बोला. मी म्हणते, दम लागतो. ते खोटं नाही.

त्या दिवशीचं एवढंच राहिलंय. उपासना संपल्यावर सगळे शिऱ्याकडं गेले. मी लिंबाखाली येऊन बसले. अंगात काही म्हणता काही उरलं नव्हतं. रडूही येत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. कमल स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन आली. विहिरीवरून तिनंच आणलेलं असणार. माझ्यासमोर धरून म्हणाली, "प्या ताई. पयल्या वेळेला घसा लई सुकतो. मंग न्हाई सुकत."

मी प्याले. तिनं ग्लास परत घेतला. तेवढ्यात फाटकाकडून छबी ओरडली, "अक्का, ट्रक आला! ये की, ये की लवकर!" कमलनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, आणि "आले आले, धरून ठेव त्याला" म्हणत ग्लास हातात तसाच घेऊन पळाली. दोघी जणी गजांना तोंड लावून उभ्या राहिल्या आणि ट्रक पुढं निघून जाईपर्यंत वर बसलेल्या एकेका बाईचा चेहरा बघत राहिल्या.